तोकाइदो: ज्या रस्त्याने ही चित्रं घडवली

जपानी लाकडी ठशांची चित्रं म्हटलं की सगळ्यांना होकुसाई या चित्रकाराची ती मोठी लाट आठवते, पण मला विचाराल तर ही गोष्ट समुद्रावर नाही, रस्त्यावर सुरू होते. एदो म्हणजे आताचं टोकियो, तिथून क्योटोपर्यंत जाणारा तोकाइदो, साधारण ५०० किलोमीटर, मधे मुक्कामाची ५३ ठाणी.

१६३५ मधे शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, नियम केला की सरदारांनी आलटून पालटून एदोत येऊन राहायचं, बायकामुलं मात्र कायम एदोतच, म्हणजे ओलीसच. मग शेकडो माणसांचे लवाजमे या रस्त्याने जायला लागले आणि त्यांच्यामागे खाणावळी, चहाची दुकानं, हमाल, घोडे सगळं आलं. याच रस्त्यावरच्या हाकोनेच्या तपासणी नाक्यावर दोनच गोष्टींवर करडी नजर, एदोकडे बंदुका जात नाहीत ना आणि एदोतून सरदारांच्या बायका पळत नाहीत ना! साध्या माणसालाही परवाना लागायचा, पण इसेच्या देवळाला जायचंय म्हटलं की तो सहसा मिळायचा, त्यामुळे देवाच्या निमित्ताने लोक देश बघून यायचे.

म्हणजे प्रवासाच्या, निसर्गाच्या चित्रांना गिऱ्हाईक तयार होतं. रंगीत छपाईही १७६५ पासून होती, पण खपायची ती मुख्यतः नटांची आणि सुंदर बायकांची चित्रं. मग १८३० च्या आसपास प्रशियन निळा रंग स्वस्तात मिळायला लागला, जुना निळा उजेडात फिका पडायचा, हा टिकायचा, आणि आकाश-पाणी एकदम जिवंत झालं. होकुसाईने फुजी पर्वताची ३६ दृश्यं काढायला घेतली आणि ती इतकी चालली की शेवटी ४६ झाली.

दुसरा चित्रकार हिरोशिगे, अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्याच्या घरातला. त्याची तोकाइदोची मालिका १८३३-३४ ची, ५३ ठाणी अधिक सुरुवात आणि शेवट अशी ५५ चित्रं. त्यातलं शोनो या ठाण्याचं पावसाचं चित्र झूम करून बघाच. वाऱ्याने वाकलेले बांबू करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांत, पालखीवाले चढ चढतायत, दुसरे उताराने पळत सुटलेत, आणि सुरुवातीच्या प्रतींमधे छत्रीवर चक्क प्रकाशकाचं नाव, म्हणजे जाहिरातच ती. आणि हे एकट्या हिरोशिगेचं काम नाही. त्याचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. आकाशातला गडद निळा हळूहळू विरत जातो ना, ते फळीवरचा रंग प्रत्येक प्रतीसाठी हाताने पुसून केलेलं, म्हणून तर दोन प्रती अगदी सारख्या निघत नाहीत.

१८४२ मधे सरकारने नटांच्या आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी आणली, तेव्हा प्रकाशक निसर्गचित्रांकडे आणखी वळले. १८५८ मधे हिरोशिगे गेला. १८८७ मधे चित्रकार व्हॅन गॉगने पॅरिसमधे हिरोशिगेचं पावसातल्या पुलाचं चित्र तैलरंगात उतरवलं, आणि पुढे दोनच वर्षांत तोकाइदोची रेल्वे पूर्ण झाली. जो रस्ता पायी चालायला दोन आठवडे लागायचे तो आता एका दिवसात संपायला लागला.