कोंढाण्याची एक रात्र आणि शंभर वर्षांचा पडदा

गेल्या काही वर्षांत शिवकाळावरील चित्रपट मराठी प्रेक्षकाच्या सवयीचे झाले आहेत. २०१८ मध्ये 'फर्जंद' आला आणि दिग्पाल लांजेकर यांची मालिका सुरू झाली. 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' आणि 'सुभेदार' हे तिचे पुढचे टप्पे. त्याच काळात हिंदीत 'तान्हाजी' आणि 'छावा' यांनी देशभर गर्दी खेचली. यांतले बहुतेक चित्रपट मी चित्रपटगृहात जाऊन पाहिले आहेत. काही आवडले, काही मध्यंतरापर्यंतच नकोसे झाले. मात्र प्रत्येक वेळी बाहेर पडताना वाद एकच ऐकू येतो, तो म्हणजे दाखवले ते इतिहासाला धरून होते की नाही. हा वाद निरर्थक नाही, पण तो अर्ध्यावरून सुरू होतो, असे माझे मत आहे. पडद्यावर जे येते ते थेट बखरीतून किंवा पत्रांतून सहसा येत नाही. ते आधी शाहिराच्या डफावर वाजलेले असते, मग कादंबरीत शिरलेले असते आणि नंतर कोल्हापूरच्या स्टुडिओत घडवलेले असते. सिंहगडाची कथा घेतली म्हणजे हा प्रवास स्पष्ट दिसतो, कारण तीच रात्र १९२३, १९३३, २०२० आणि २०२३ अशी किमान चार वेळा चित्रपटात आली आहे.

मूळ घटना थोडक्यात सांगता येते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांना दिले, त्यांत कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी निवडक मावळ्यांसह कडा चढून किल्ला घेतला आणि किल्लेदार उदेभानाशी लढताना ते पडले. महाराजांची बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने हा प्रसंग फार मोजक्या शब्दांत लिहिला आहे. तानाजी आणि उदेभान दोघेही पडले, मग तानाजींचे बंधू सूर्याजी यांनी लोकांना सावरले, किल्ला हाती येताच पागेच्या छपरांना आग लावून राजगडाकडे खूण केली आणि एक गड घेतला पण एक गड गेला असे महाराज म्हणाले, एवढाच त्याचा गाभा. त्यात घोरपड नाही, ऐंशी वर्षांचे शेलारमामा नाहीत आणि रायबाचे लग्नही नाही. किल्ल्याला सिंहगड हे नाव तानाजींच्या मृत्यूनंतर मिळाले हा समजही टिकत नाही, कारण त्याआधीच्या पत्रव्यवहारातही ते नाव येते.

मग हे सगळे आले कुठून? बरेचसे तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. हॅरी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला आणि तोवर गावोगावी तोंडी फिरणारी ही रचना शिकलेल्या वाचकांपर्यंत पोचली. पोवाड्यातल्या जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात, महाराजांशी सोंगट्यांचा डाव मांडतात आणि जिंकल्यावर तो गड मागतात. उमरठ्याला रायबाच्या लग्नाची तयारी चालू असताना तानाजींना बोलावणे येते, शेलारमामा हट्टाने बरोबर निघतात आणि यशवंती घोरपड कड्यावर दोर नेते. उदेभानाचे वर्णन तर पाहण्यासारखे आहे. त्याला अठरा बायका आहेत, त्याच्याकडे चंद्रावळी हत्ती आहे आणि त्याच्या एका जेवणाला दीड गाय, दीड मेंढा आणि सव्वा मण तांदूळ लागतात. हे काही शाहिराचे अज्ञान नव्हे, ती त्याच्या कलेची गरज आहे. रात्रभर उघड्यावर बसलेल्या श्रोत्यांसमोर शत्रू राक्षसाएवढा उभा करावा लागतो, नाहीतर 'जी जी रं जी'ची साथ ढिली पडते.

पोवाड्यानंतर कादंबरी आली. हरि नारायण आपटे यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहिताना या लोककथेला कौटुंबिक आणि भावनिक कथानकाची जोड दिली. सती जायला निघालेली रजपूत विधवा कमलकुमारी आणि तिला बळाने पळवून आणणारा उदेभान हा भाग त्यांच्या कल्पनेतला आहे. कादंबरीकाराच्या दृष्टीने तो आवश्यकच होता; एका रात्रीच्या लढाईवर कादंबरी उभी राहत नाही आणि खलनायकाने निव्वळ किल्ला राखला एवढ्याने वाचकाचा संताप होत नाही. महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी तानाजी या पुस्तकातून वाचला. त्यामुळे सिनेमा आला तेव्हा त्याच्या हाती लढाईबरोबर तयार नायिका आणि तयार सूडकथाही होती.

ती पहिल्यांदा हाती घेतली बाबूराव पेंटर यांनी. कोल्हापूरचे हे मिस्त्री घराण्यातले चित्रकार नाटकांचे पडदे रंगवत असत. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी सिनेमाचे यंत्र समजून घेण्याचा ध्यास घेतला आणि आनंदराव गेल्यावर स्वतःच कॅमेरा बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला आणि लोकमान्य टिळकांनी त्याचे कौतुक केले. तीन वर्षांनी 'सिंहगड' आला. आपट्यांच्या कथेवर आधारलेल्या या मूकपटात पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचे प्रसंग टिपले, आणि हे त्या काळात नवे होते. शेलारमामांची भूमिका कंपनीतल्या एका तरुणाने केली होती, त्याचे नाव व्ही. शांताराम. पेंटर प्रत्येक दृश्याची आधी रेखाटने करत, वेशभूषा आणि शस्त्रे स्वतः ठरवत, भित्तिपत्रकेही स्वतः रंगवत. मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा दृश्यसंस्कार असा एका चित्रकाराच्या हातून झाला आणि माझ्या मते आजच्या चित्रपटांनी सर्वांत जास्त गमावले आहे ते हेच.

त्याच १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला. 'सिंहगड'च्या खेळांना लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला या कराची कल्पना सुचली, असे सिनेमाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. मला ती आख्यायिकाच वाटते, कारण कायदे एका चित्रपटाच्या गर्दीवर एवढ्या तातडीने होत नाहीत. पण ही आख्यायिका टिकावी इतकी ती गर्दी लोकांच्या स्मरणात राहिली, ही गोष्टही बोलकी आहे.

पेंटरांच्या तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. शांताराम यांनी पुढच्याच वर्षी महाराजांच्या सुरुवातीच्या काळावर 'स्वराज्याचे तोरण' हा मूकपट केला आणि महाराजांची भूमिकाही स्वतःच केली. सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्द सोसवला नाही आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने झळकला. सविनय कायदेभंगाचे ते वर्ष होते. सतराव्या शतकातली कथा पाहणारा प्रेक्षक विसाव्या शतकातले उत्तर शोधत होता, हे सरकारला नीट कळले होते. १९३३ मध्ये प्रभातने 'सिंहगड' बोलपट म्हणून पुन्हा केला. एव्हाना तलवारींचा खणखणाट, गाणी आणि संवाद हाताशी आले होते. संवाद आल्याने एक गोष्ट कायमची बदलली. मूकपटात वीरश्री देहबोलीतून आणि प्रकाशातून दाखवावी लागे. बोलपटात ती वाक्यांतून सांगता येऊ लागली.

या वाक्यांना घाट दिला भालजी पेंढारकर यांनी. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'छत्रपती शिवाजी', 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा' अशी त्यांची चित्रमालिका १९३९ पासून साठच्या दशकापर्यंत पसरलेली आहे. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ मध्ये त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला आणि त्यांनी तो पुन्हा उभारला. ठसठशीत, छोट्या पल्ल्यांची, म्हणीसारखी तोंडी बसणारी त्यांची भाषा आजच्या प्रत्येक शिवपटात ऐकू येते. १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त महाराजांची भूमिका करणारे चंद्रकांत मांडरे स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होते, ही गोष्टही मला योगायोगाची वाटत नाही. भालजींचे जुने कृष्णधवल पट आज पाहिले तर त्यांची गती संथ वाटते आणि लढाया तुटपुंज्या दिसतात, परंतु घोडेस्वार खिंडीतून येताना खिंड खरी असते आणि धूळही खरी असते.

साठच्या दशकानंतर हा प्रवाह आटला. घोडे, पागा, पोशाख आणि शेकडो माणसे यांचा खर्च मराठी निर्मात्याला परवडेना आणि प्रेक्षकही तमाशापट, मग विनोदी चित्रपट यांकडे वळला. मधली काही दशके शिवकाळाचा भव्य देखावा जिवंत ठेवला तो सिनेमाने नव्हे, तर बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा' या महानाट्याने, ज्यात मैदानावर खरे हत्ती-घोडे येत. २००८ मध्ये दूरचित्रवाणीवर 'राजा शिवछत्रपती' मालिका आली आणि ही कथा रोज घरात पाहण्याची सवय लागली. संगणकावर गड आणि सैन्य उभे करणे स्वस्त झाले, तेव्हा या सवयीचा प्रेक्षक तयारच होता.

'तान्हाजी' १० जानेवारी २०२० रोजी आला. ओम राऊत यांचा हा चित्रपट गतिमान आहे आणि शरद केळकर यांचे महाराज मला मनापासून आवडले. थोडे बोलणारे, ऐकून घेणारे महाराज हिंदी पडद्यावर क्वचित दिसतात. टीका झाली ती मुख्यतः सैफ अली खान यांच्या उदेभानावर. मगर भाजून खाणारा, विक्षिप्त हसणारा किल्लेदार कोणत्या कागदात आहे, असे विचारले गेले. कागदात नाहीच, पण दीड गाय खाणारा उदेभान तुळशीदासाने कधीच गाऊन ठेवला आहे. सतीच्या चितेवरून पळवलेली रजपूत स्त्रीही पटकथाकाराची नव्हे. ती आपट्यांकडून शंभर वर्षांनी परत आली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. 'नागिन' नावाच्या प्रचंड तोफेभोवती सारी उत्कंठा गुंफल्यामुळे कडा चढण्याची गोष्ट दुय्यम झाली. पोवाडा कितीही फुगवून सांगो, त्याच्या मध्यभागी अंधारातला तो कडा आणि दोरावर लोंबकळणारी माणसे आहेत. सिंहगडावर तानाजी कड्याच्या टोकाशी पावसाळ्यात उभे राहिले, की खाली ओलसर काळा कातळ, त्याच्या भेगांत रुजलेले गवत आणि मध्येच येणारे धुके दिसते. रात्री येथे पाय कुठे ठेवायचा, हा एकच प्रश्न भीती वाटायला पुरतो. संगणकाने कितीतरी पट उंच केलेला कडा पाहताना मला ती भीती वाटली नाही. स्वतः सैफ अली खान यांनीही प्रदर्शनानंतरच्या एका मुलाखतीत हा इतिहास नव्हे असे म्हटले, त्यावर गदारोळ झाला आणि चित्रपट चालतच राहिला.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला 'सुभेदार' त्या मानाने हातचे राखून केलेला आहे. अजय पूरकर यांचे तानाजी मैत्री, घर आणि जबाबदारी यांच्या ताणातले गृहस्थ वाटतात, आणि लग्नघरातला तो निर्णय त्यांच्यामुळे घोषणेऐवजी प्रसंग बनतो. चिन्मय मांडलेकर आणि मृणाल कुलकर्णी यांना पाहताना भालजींच्या भाषेचा वारसा ऐकू येतो. दोष मालिकेतल्या इतर चित्रपटांचेच आहेत. पार्श्वसंगीत क्षणभर थांबत नाही, तलवार उगारली की गती मंदावते आणि प्रत्येक व्यक्ती प्रत्येक वाक्य शिलालेखासारखे उच्चारते. सुटे सुटे प्रसंग त्यामुळे प्रभावी होतात, पण रात्र पुढे सरकत नाही. तरीही दोहोंतून एकच पुन्हा पाहायचा झाला तर मी 'सुभेदार'च निवडेन.

चित्रपटगृहातला अनुभव मात्र या गुणदोषांच्या पलीकडचा आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी मागच्या रांगेतून कुणीतरी 'प्रौढप्रताप पुरंदर' अशी गारद देतो, साऱ्या सभागृहातून 'जय' उठते, आणि बापाच्या खांद्यावरचे पोर डोक्यावरची भगवी टोपी सावरत ओरडते. 'छावा'च्या शेवटी लोक रडताना मी पाहिले आहेत, आणि ती कथाही शिवाजी सावंतांच्या कादंबरीतूनच पडद्यावर आली. अशा जागी बसलेला माणूस प्रेक्षक कमी आणि पोवाड्याचा साथीदार अधिक असतो. त्याला धक्का नको असतो, ओळखीचा चढ हवा असतो. आक्षेपही त्याच ओळखीपोटी येतात. 'छावा'च्या झलकीतले लेझीम नृत्य विरोधानंतर वगळावे लागले, तर 'हर हर महादेव'चे खेळ नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्यात बंद पाडले गेले. १९३० मध्ये कात्री सरकारच्या हाती होती, आता ती आधी रस्त्यावर फिरते.

करमणूक कराची बाजूही पालटली. 'तान्हाजी'ला महाराष्ट्रासह काही राज्यांनी राज्याच्या जीएसटीत सवलत दिली, तर २०२५ मध्ये गोवा आणि मध्य प्रदेश यांनी 'छावा' करमुक्त केला. महाराष्ट्रात तशी मागणी झाली तेव्हा राज्याने करमणूक कर २०१७ मध्येच रद्द केल्याची आठवण मुख्यमंत्र्यांनीच करून दिली.

प्रेक्षक म्हणून माझी अपेक्षा एवढीच, की त्या गडाकडे पाहताना निर्मात्यांनी ४ फेब्रुवारीच्या पुढेही पाहावे. १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन याच सिंहगडावर झाले आणि त्यांची समाधी तेथे आहे. त्यानंतर ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि १७०३ मध्ये म्हाताऱ्या औरंगजेबाने हा किल्ला वेढा घालून मिळवला, तो मराठ्यांनी पुन्हा परत घेतला. या साऱ्यात घोरपड नाही आणि पोवाड्याचा आयता ठेकाही नाही, म्हणूनच बहुधा ते हाती घ्यायला कुणी धजावत नाही. तानाजींच्या कथेची पाचवी आवृत्ती मात्र येईल, याबद्दल मला शंका नाही, आणि तिच्या पहिल्या दिवसाचे तिकीटही मी काढीन.