सर्व्हरच्या यादीचं झाड कसं झालं

आज कुठलंही डिप्लॉयमेंट टूल, म्हणजे नवीन कोड सर्व्हरवर पोचवणारं साधन, उघडा, टार्गेट्स (कोड जिथे जायचा ते सर्व्हर) बहुतेक वेळा झाडासारखे लावलेले दिसतात, वर प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातलं) किंवा स्टेजिंग (आधी चाचणी घ्यायचं), त्याखाली रीजन म्हणजे भौगोलिक विभाग, त्याखाली ग्रुप आणि तळाला एकेक सर्व्हर. पण पहिल्यांदा नुसती यादीच होती. १९८६ च्या ४.३ बीएसडी या युनिक्स सिस्टिममध्ये आरडिस्ट हे फायली वाटणारं टूल आलं, त्याच्या डिस्टफाइल नावाच्या फायलीत मशीनची नावं ओळीने लिहायची आणि फायली तिकडे पोचवायच्या, बस. मशीन चार असतील तर एवढं पुरतं.

१९९३ मध्ये मार्क बर्जेस यांनी ओस्लोत सीएफएंजिन हे मशीनची सेटिंग सांभाळणारं टूल लिहिलं आणि क्लास ही कल्पना आणली, म्हणजे नियम मशीनच्या नावाला नाही तर ती ज्या प्रकारात बसते त्या प्रकाराला लावायचा. माझ्या मते खरं वळण इथेच आलं. मग २००५-०६ च्या सुमारास रेल्सवाल्यांकडे (रेल्स ही वेबसाइट बांधायची एक चौकट) कॅपिस्ट्रानो हे डिप्लॉयमेंट टूल आलं, त्यात वेब, ॲप, डीबी (डेटाबेस) असे रोल, म्हणजे कामानुसार सर्व्हरचे गट, होते, पण रोलच्या आत रोल नव्हता.

ग्रुपला एक एकक मानलं नाही तर काय होतं ते १ ऑगस्ट २०१२ ला दिसलं. नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीच्या ८ सर्व्हरपैकी ७ वर नवीन कोड गेला, एकावर कॉपी करायचा राहून गेला, दुसऱ्या कोणी तपासलं नाही, आणि त्या एकट्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा होऊन सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. आठही झाले का, हा प्रश्न अख्ख्या ग्रुपला विचारायचा असतो, तो विचारणारं तिथे काहीच नव्हतं.

त्याच वर्षी ॲन्सिबल हे सर्व्हर सांभाळायचं टूल आलं. त्याच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे सर्व्हरच्या यादीत, ग्रुपच्या पोटात ग्रुप ठेवता येतो, आणि झाडाचा खरा उपयोग इथे कळतो, मशीन मोजायला नाही तर सेटिंग वारशाने मिळायला. समजा सगळ्यांसाठी टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मर्यादा) ३० सेकंद ठेवला, प्रॉडक्शन ग्रुपवर ६० केला आणि त्यातल्या एकाच होस्टवर, म्हणजे सर्व्हरवर, ९०, तर जो जास्त जवळचा त्याचं चालतं, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. पपेट या तशाच दुसऱ्या टूलच्या जगात हेच काम हायरा हा त्याचा जोडीदार करत होता, तो पपेट ३ मध्ये आतच आला.

अडचण मात्र लगेच समोर येते. एकच सर्व्हर प्रॉडक्शनमध्येही असतो, एका रीजनमध्येही आणि एका ठराविक ग्राहकाचाही, मग झाडात तो कुठे लटकवायचा? ॲन्सिबलमध्ये तो दोन ग्रुपमध्ये टाकता येतो, पण दोघेही एकाच पातळीवर असतील आणि एकच व्हेरिएबल (सेटिंगचं नाव) दोघांनीही दिलं असेल तर डीफॉल्टने ग्रुपची नावं वर्णक्रमाने लावतात आणि शेवटच्याचं चालतं. म्हणजे ग्रुपचं नुसतं नाव बदललं तरी प्रॉडक्शनचं सेटिंग बदलू शकतं, हे कळेपर्यंत माणूस तासनतास शोधत बसतो! पुढे ग्रुपला प्रायॉरिटी द्यायची सोय झाली. ऑक्टोपस डिप्लॉय या डिप्लॉयमेंट टूलने २०१६ मध्ये ग्राहकांसाठी टेनंट हा वेगळाच अक्ष काढला, कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीने लेबलं लावून निवडायची पद्धत घेतली, पण वारसा तिथेही सुटला नाही, त्याच्या सेटिंग फायली बदलणाऱ्या कस्टमाइझ या टूलमध्ये एक बेस आणि त्यावर प्रत्येक एन्व्हायर्नमेंटचा (प्रॉडक्शन, स्टेजिंग वगैरेचा) ओव्हरले, म्हणजे वरून चढवलेले बदल, असतो, आणि २०१९ पासून ते कुबरनेटीसच्या क्यूबसीटीएल या कमांड टूलमध्येच मिळतं.