विसावा माणूस घेताना
स्टार्टअप चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बरेच संस्थापक खुर्चीत बसता बसताच विचारतात, "आमची १९ माणसं आहेत. विसावा माणूस कामावर घेतला तर काय काय मागे लागेल?" या धास्तीपायी हाताशी आलेला चांगला उमेदवार सोडून देणारेही आम्ही पाहिलेत. त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्रक.

आकडे दोन. १० माणसं झाली की ईएसआय (कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांसाठीची सरकारी विमा योजना), ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. २० झाली की पीएफ. (कंपनी नोंदवतानाच पीएफ आणि ईएसआयचे क्रमांक मिळालेले असतात. ते पाहून घाबरू नका. भरणा त्या त्या आकड्याला पोचल्यावर.)

खरी गफलत होते ती माणसं मोजताना. एका ग्राहकाच्या ऑफिसात बसून आम्ही हजेरी मोजली. पगारपत्रकावर १७ नावं. तीन डेव्हलपर 'कन्सल्टंट', महिन्याच्या बिलातून १० टक्के टीडीएस कापून पैसे. पण तिघांच्या गळ्यात कंपनीचंच ओळखपत्र, रजा त्याच ॲपवर टाकायची, सकाळी दहाच्या स्टँड-अप बैठकीला हजेरी सक्तीची. म्हणजे नाव काहीही असो, ते कर्मचारीच. झाले २०. त्यात साफसफाईच्या मावशी, ठेकेदाराकडून आलेल्या, म्हणून कुणी मोजल्याच नव्हत्या. त्याही धरायच्या असतात. म्हणजे विसावा माणूस आठ महिन्यांपूर्वीच येऊन बसला होता. हेतू वाईट नव्हता, तरी थकलेल्या पीएफच्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर महिन्याला १ टक्का दंड लागतोच. शिवाय मागच्या महिन्यांचा कर्मचाऱ्याचा वाटा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही, तोही कंपनीच्याच खिशातून जातो.

आता वेळेवर भरलं तर किती? पीएफची पगारमर्यादा सध्या १५,००० रुपये. त्यावर १२ टक्के म्हणजे १,८०० कर्मचाऱ्याचे, १,८०० कंपनीचे. विमा आणि प्रशासकीय शुल्काचे मिळून आणखी १५०. एका माणसामागे कंपनीला महिन्याला १,९५० रुपये, मग त्याचा पगार साठ हजार असो की लाख. एक इंजिनिअर गमावण्यापुढे ही रक्कम काहीच नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि एकदा लागू झालेला पीएफ पुढे माणसं १५ वर आली तरी सुटत नाही.

नव्या माणसाला रुजू होतानाच विचारा, आधीच्या नोकरीत पीएफ होता का? असेल, तर मूळ पगार कितीही असला तरी तो चालू ठेवावा लागतो.

पीएफ भरणाऱ्यांना मिळणारा एक फायदा फार थोडे जण घेतात. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात वाढीव माणसं घेणाऱ्या कंपनीला 'प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजने'तून माणसामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मिळतात, दोन वर्षं. अट अशी की पगार एक लाखाच्या आत हवा, आणि पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर निदान दोघं नवे घ्यायला हवेत.

'आम्हाला स्टार्टअप इंडियाची मान्यता आहे, आम्हाला हे लागू नाही,' हा गैरसमज कृपया काढून टाका. त्या मान्यतेने काही कामगार कायद्यांखाली स्वयंघोषणेची सोय मिळते, तपासणीचा जाच कमी होतो. पैसे भरायचे ते भरायचेच.

एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. ईएसआयमध्ये न बसणाऱ्या कर्मचारी महिलेचा बाळंतपणाच्या रजेतला पगार मालकालाच द्यावा लागतो, आणि बारा जणांच्या कंपनीला तो जड जातो, हे आम्हाला कळतं. पण त्यावर उपाय म्हणून मुलाखतीत "लग्न कधी करताय?" विचारू नका. तो अन्याय तर आहेच, शिवाय तुमच्या कामाला लायक अशी निम्मी माणसं तुम्ही स्वतःच वगळता. त्यापेक्षा दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी काढा. किती ते आम्ही तुमच्यासोबत बसून ठरवू.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचंच. वर्षभराच्या करारावर घेतलेल्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागते. मूळ पगार, महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी ठेवला असेल, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब वाढेल. मात्र पीएफ १५,००० वरच कापत असाल तर हातात पडणारा पगार त्यामुळे कमी होत नाही.

पुढचं ऑफर लेटर पाठवण्याआधी तीन कागद घेऊन या : गेल्या तीन महिन्यांचं पगारपत्रक, कन्सल्टंट मंडळींचे करार, आणि साफसफाई व सुरक्षेच्या ठेकेदाराची बिलं. मोजणी आपण एकत्रच करू.