अर्थची वायर खाली सोडण्याआधी हे वाचा
४० आणि ८० मीटर बँडवर काम करणाऱ्या आमच्या हॅम (हौशी रेडिओ) ग्राहकांसाठी

लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या काउंटरवर रोज येणारा प्रश्न: "चाळीस मीटरवर एस-९ खरखर आहे, अर्थिंगला किती जाडीची वायर घेऊ?" एस-९ म्हणजे रेडिओ सेटच्या सिग्नल मीटरवर (एस-मीटर) नऊचा आकडा, जोरदार खरखर. फ्लॅटमधून डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन सारख्या वायरींची अँटेना) चालवत असाल तर आमचं उत्तर ठरलेलं आहे. खरखर घालवण्यासाठी वायर घेऊ नका. बहुतेक वेळा तिने खरखर वाढते.

तिसऱ्या मजल्यावरून जमिनीतल्या रॉडपर्यंत साधारण १० मीटर वायर लागते. ७.१ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी १०.५ मीटर. एवढ्या लांबीची वायर खालून जमिनीला पक्की जोडलेली असली, तरी वरच्या टोकाला सेटला ती जवळजवळ सुटलेलीच दिसते. सातव्या मजल्यावर २० मीटर भरतात आणि तीच गत ८० मीटर बँडवर होते. मधल्या मजल्यांवर ही वायर उभ्या अँटेनासारखी वागते. वाटेत प्रत्येक घराच्या एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर आणि बीएलडीसी पंख्यांच्या वायरिंगजवळून येते आणि तो सगळा कचरा थेट तुमच्या सेटच्या चॅसीवर आणून सोडते. अडचण लांबीची आहे. जाड तांब्याची पट्टी घेतलीत तरी पैसेच जातील.

विजेच्या धक्क्यापासून वाचवणारी तिसऱ्या पिनची अर्थ ही वेगळी गोष्ट आहे. खरखर कमी व्हावी म्हणून ती पिन कुणी काढत असेल तर कृपया काढू नका. जुन्या इमारतीत ती मुळात जिवंत आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. गॅसच्या पाइपला अर्थ जोडू नका. गच्चीवरचा अरेस्टर (अँटेनाच्या केबलवरचा वीज-संरक्षक) इमारतीच्या वीजरोधकाला जोडण्याचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. अरेस्टर असला तरी मे अखेरीस आणि ऑक्टोबरात आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधी कोॲक्स (अँटेनाची जाळीदार केबल) सेटपासून सोडवून ठेवा.

डायपोलला आरएफ (रेडिओ लहरींसाठीची) अर्थ लागतच नाही, त्याचे दोन्ही अर्धे एकमेकांना पुरे पडतात. त्याला लागतो चोक, म्हणजे फेराइटच्या रिंगवर गुंडाळलेली कोॲक्स. कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून घरातली खरखर वर चढते आणि फीडपॉइंटला (अँटेनाला कोॲक्स जोडतात तिथे) पोचून आतल्या सिग्नलमध्ये मिसळते. ही वाट चोक अडवतो. ट्रान्समिट करताना माउस अडकणं किंवा माइकचा चटका बसणं हाही बहुधा याच वाटेचा उलटा प्रवास असतो.

आमचा चोक २.४ इंची, ३१ नंबर मिक्सच्या (फेराइटचा प्रकार) टोरॉइडवर, म्हणजे रिंगवर, गुंडाळलेला असतो: ७ मेगाहर्ट्झसाठी आरजी-५८ कोॲक्सचे १४ वेढे, ३.५ साठी १७. जुन्या कॉम्प्युटर पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग स्वस्तात मिळते, पण ती लोहचूर्णाची असते आणि या कामाला पुरत नाही. एक चोक डायपोलच्या फीडपॉइंटलाच लावा, दुसरा कोॲक्स खिडकीतून आत येते तिथे. एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेली अँटेना) वापरत असाल तर ४० मीटरसाठी ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटर कोॲक्स मोकळी सोडून मग चोक लावा. तेवढा तुकडा काउंटरपॉइजचं, म्हणजे अँटेनाच्या दुसऱ्या बाजूचं, काम करतो.

"चोक लावला, फरक नाही, परत घ्या," असंही ऐकावं लागतं. आम्ही चोक परत घेतो, पण त्याआधी दोन चाचण्या करायला सांगतो. काहींना हे टाळाटाळ वाटते. प्रत्येक चोक व्हीएनए या मोजणी-यंत्रावर तपासूनच बाहेर जातो, आणि परत आलेले बहुतेक चोक पुन्हा मोजल्यावर ठीक निघतात. चाचण्या न करता नवा चोक दिला तर तुमची पुन्हा एक खेप वाया जाते.

पहिली चाचणी: सेट १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर घ्या, एस-मीटर वाचा आणि घराचा मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. इथेच सगळे चुकतात. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर स्वतः खरखर करत राहतो, पंखे-दिवेही चालू ठेवतो, आणि माणूस शेजाऱ्याला दोष देतो. लॅपटॉप आणि यूपीएसही बंद हवेत. खरखर उतरली तर एकेक एमसीबी चालू करत जा, उगम सापडेल. बहुधा एखादा स्वस्त अ‍ॅडॉप्टर निघतो. तो आधी बदला, फेराइट नंतर घ्या. क्लिप-ऑन फेराइटमधून वायर एकदाच ओवली तर ७ मेगाहर्ट्झला फारसा उपयोग होत नाही. मोठ्या रिंगमधून पाच वेढे घेतले तर परिणाम साधारण पंचवीसपट होतो.

दुसरी: गच्चीवर डायपोल सोडवा आणि कोॲक्सच्या त्या टोकाला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावा. सेट बॅटरीवरच ठेवा. तरीही खरखर राहिली तर पीएल-२५९ कनेक्टरला जाळी नीट सोल्डर झालेली नाही किंवा कोॲक्समध्ये पाणी शिरलं आहे. चोकने हे बरं होणार नाही. एका पावसाळ्यात जाळी काळी पडते, म्हणून जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळा आणि त्यावर साधी पीव्हीसी टेप. आमच्या चोकच्या डबीला खाली बारीक भोक असतं, ते बुजवू नका. आत साठलेला दमटपणा तिथूनच बाहेर पडतो.

मेन बंद करूनही खरखर तशीच असेल तर गच्चीवर जाऊन बघा. लिफ्ट हलली की खरखर वाढते का? केबलवाल्याची वीज घेणारी पेटी कुठे बसवली आहे? डायपोलचं टोक मशीनरूमपासून जितकं दूर नेता येईल तितकं न्या. सोसायटीला पत्र लिहिण्याआधी हे करून बघा.

दुकानात येताना डायपोलची उंची, कोॲक्सची लांबी आणि दोन्ही चाचण्यांचे एस-मीटर आकडे लिहून आणा. ४० मीटरची वायर हवी असेल तर प्रत्येक अर्धा १०.५ मीटरचा कापून देतो. जास्तीची लांबी अँटेना ताणल्यावर तुम्ही छाटायची. पीव्हीसी आवरणाची वायर थोडी जास्त छाटावी लागते.