ईएसआयमधे (कामगारांच्या सरकारी विम्यात) अपघाताचे पैसे नेमके कुठल्या पगारावर बसतात?

(आमच्याकडे पीएफ-ईएसआयचं काम असलेल्या वर्कशॉप मालकांसाठी. कामगारांनाही वाचायला द्या)

प्रेस शॉपवाल्यांचा (मशीनवर पत्रा दाबून माल काढणाऱ्यांचा) आम्हाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ऑपरेटरचा अंगठा गेला तर ईएसआय महिन्याला किती देणार. बऱ्याच जणांना वाटतं सरकारचा काहीतरी फिक्स रेट असेल. तसं नाहीये, संजय गांधी निराधारसारखं ठरलेलं अनुदान इथे नसतं, इथे आधीच्या पगारावरून हिशोब होतो, आणि तोही चलनात (ईएसआयचा हप्ता भरताना) दाखवलेल्या पगारावरून, हातात किती दिला त्यावरून नाही.

आधी कुठले महिने धरतात ते बघा. एप्रिल ते सप्टेंबर जे भरलं त्यावरून पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या अपघाताचा रोजचा रेट निघतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या भरण्यावरून जुलै ते डिसेंबरचा. म्हणजे दिवाळीनंतर पगार वाढवला आणि फेब्रुवारीत अपघात झाला तर ती वाढ हिशोबात येतच नाही. माणूस अगदी नवीन असला तरी टेन्शन घेऊ नका, अपघाताला इतके महिने भरलेच पाहिजेत अशी अटच नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे, फक्त रेट मग त्याच्या पहिल्या महिन्याच्या नाहीतर त्या दिवसाच्या पगारावरून काढतात.

आता समजा पगार १८,०००, सहा महिने पूर्ण हजेरी. एकूण १,०८,००० भागिले १८३ दिवस, रोजचे झाले ५९०. त्याचे ९० टक्के, साधारण ५३१ रुपये. उपचार चालू आहेत आणि ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे तोवर हे रोज मिळतात, अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद पाहिजे. (साध्या आजारपणाला ७० टक्केच असतात, म्हणून कामावर लागलेलं आजारपणात दाखवू नका, लोक दाखवतात.)

जखम भरली की मेडिकल बोर्ड. कमाईची ताकद किती गेली ते बोर्ड टक्क्यात ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात अंगठा पूर्ण गेला तर ३०, अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण गेलं तर १४, त्याचं नुसतं टोकाचं पेर गेलं तर ९, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. यूडीआयडी कार्डावरचे (सरकारी अपंगत्वाच्या कार्डावरचे) टक्के वेगळे, ते इथे चालत नाहीत. तर ५३१ चे ३० टक्के म्हणजे रोजचे १५९, महिन्याला ४,७८० च्या आसपास, आयुष्यभर, मधेमधे हयातीचा दाखला द्यायचा. त्याला तुम्ही परत कामावर घेतलं, पूर्ण पगार दिला, तरी हे बंद होत नाही. बोर्डाचे टक्के पटले नाहीत तर अपील आहे, पण मुदतीत.

आता स्पष्टच बोलतो. काही शेठ १८,००० देतात आणि चलनात १२,००० दाखवतात, वरचे कॅश. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे वाचले किती, महिन्याला १९५ रुपये. आणि त्याच अंगठ्याची पेन्शन येते ३,१८७. महिन्याला सोळाशेच्या आसपास कमी, जन्मभर, आणि नंतर काही केल्या तो रेट सुधारायला फार जड जातं. ओव्हरटाइमचंही तेच, जुन्या ईएसआय कायद्यात तो पगारातच धरायचे, नोव्हेंबर २०२५ पासून नवीन संहिता आली आहे, म्हणून आम्हाला विचारल्याशिवाय कॅशमधे देऊन मोकळे होऊ नका.

दुसरी चूक दिवसांची. बिनपगारी रजा झाली तर ते दिवस भागाकारातूनही वजा व्हायला पाहिजेत. पोरगा गावाला गेला, २० दिवसांचाच पगार निघाला, आणि चलन भरताना दिवस मात्र ३० टाकले, की त्याचा रोजचा रेट फुकट पडला. हजेरी पाठवताना पगारी दिवस वेगळे लिहून पाठवत जा, नुसता पगाराचा आकडा व्हॉट्सअॅप करू नका.

२१,००० च्या वर पगारवाले ईएसआयमधे येत नाहीत. त्यांची भरपाई मालकाच्या डोक्यावर, आधी १९२३ च्या कायद्याने होती, नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे. तिथे पगार कितीही असो, १५,००० पर्यंतच धरतात, त्याचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे फॅक्टर (कायद्याच्या तक्त्यात दिलेला आकडा). तीस वर्षाच्या माणसाला फॅक्टर २०७.९८, अंगठ्याचे ३० टक्के लावले की ५,६१,५४६ रुपये, एकरकमी. वर्कमन कॉम्प पॉलिसी (अशा भरपाईसाठी मालकाने काढलेला विमा) नसेल तर हे खिशातून, तेव्हा पॉलिसी संपली असेल तर आजच बघा.

अपघात झाला की आधी हॉस्पिटल, मग लगेच आम्हाला फोन. अॅक्सिडेंट रिपोर्ट ईएसआयच्या पोर्टलवर चोवीस तासात गेला पाहिजे, त्यात वेळ, मशीन, शिफ्ट आणि बघणाऱ्याचं नाव लागतं. घरून येताना किंवा जाताना रस्त्यात झाला तरी कळवा, कामाशी संबंध दाखवता आला तर तोही धरतात. त्या दिवसाची हजेरी आणि मागच्या सहा महिन्यांचं पगार रजिस्टर हाताशी ठेवा, बाकी फॉर्म आम्ही भरतो.