गोळी किती आत बसवायची?

अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसं घरी भरणं हा कायदेशीर छंद आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा ठरतो.) वापरलेल्या पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), मोजून दारू आणि वर गोळी. शेवटची पायरी सर्वांत सोपी वाटते, पण खरी जोखीम तिथेच दडलेली असते.

जॉर्ज लुगर यांनी १९०२ मध्ये आणलेलं ९ × १९ मिलिमीटरचं काडतूस घ्या. त्याची पुंगळी काठोकाठ भरली तरी जेमतेम ०.८६ घन सेंटिमीटर पाणी मावतं. गोळी ५ मिलिमीटर आत गेली की दारूला आणि तिच्या वायूला उरतात सुमारे ०.५४. आता गोळी आणखी एकच मिलिमीटर दाबा, उरलेली जागा १२ टक्क्यांनी घटते. दाब मात्र याहून बराच जास्त वाढू शकतो. कारण धूरविरहित दारू दाबाखाली अधिक वेगाने जळते, त्याने दाब चढतो, की ती आणखी वेगाने जळते. गोळी नळीत सरकून जागा मोकळी होण्याआधीच हे चक्र फिरलेलं असतं. या काडतुसाच्या दाबाची अमेरिकी मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास २,४०० पट आहे.

मग गोळी बाहेरच ठेवावी का? तेही चालत नाही. एकूण लांबी २९.६९ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, आणि त्याच्या आतही गोळीचा फुगीर भाग नळीतल्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांना) टेकू शकतो. बोथट गोळी लवकर टेकते, निमुळती उशिरा. म्हणून एका गोळीची लांबी दुसरीला लावणं मला धोक्याचं वाटतं. पुंगळीची आणि गोळीची लांबी मिळवून त्यातून एकूण लांबी वजा केली, की गोळी किती आत आहे ते कळतं. एकूण लांबी २९ मिलिमीटर ठेवली, तर १४ मिलिमीटरची गोळी साधारण ४ मिलिमीटर आत जाते, साडेसोळाची साडेसहा. बाहेरून मोजलं तर दोन्ही काडतुसं सारखीच! काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधला आकडा त्यात नाव दिलेल्या गोळीपुरताच खरा.

आट्यांची खात्री करायला दारू-प्रायमर नसलेलं काडतूस सुट्या काढलेल्या नळीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागात, सोडतात. ते टक् करून बसलं, बोटाने सहज फिरलं आणि नळी उलटी करताच आपसूक पडलं, तर लांबी त्या नळीला मानवते. नळी बदलली की चाचणी पुन्हा.

भरून झाल्यावरही गोळी सरकू शकते. तेच काडतूस वारंवार चेंबरमध्ये चढवलं, तर टोक दर वेळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून गोळी आत ढकलली जाते. कॅलिपरवर लांबी कमी भरली, तर ते काडतूस झाडायचं नाही.