जुन्या कंट्रोल कार्डातला झेड-८० बदलताना

पाइपच्या, चटईच्या कारखान्यातलं मशीन चालवणारं जुनं कंट्रोल कार्ड आमच्या टेबलावर येतं तेव्हा निदान आधीच झालेलं असतं : "प्रोसेसर गेलाय भाऊ, नवा टाकून द्या." उघडून पाहिलं की बऱ्याचदा प्रोसेसर धडधाकट निघतो. पाच व्होल्टची सप्लाय साडेचारवर बसलेली असते, कपॅसिटर फुगलेला असतो, नाहीतर ईप्रॉमच्या (प्रोग्राम साठवणाऱ्या, उजेडाने पुसल्या जाणाऱ्या चिपच्या) काचेवरचं स्टिकर कधीच गळून गेलेलं असतं. हे आम्ही आधी तपासतो. दोष तिथेच सापडला तर प्रोसेसरचे पैसे लावत नाही.

प्रोसेसरच गेला असेल, तर त्या जागी झेड-८४-सी-०० बसतो. मूळ झेड-८० प्रोसेसर झायलॉग कंपनीचा, १९७६ सालचा. हा त्याचाच सीमॉस, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बनावटीचा भाऊ. तेच ४० पिन, तेच पाच व्होल्ट, त्याच सॉकेटमध्ये. जुना २०० मिलिअँपपर्यंत करंट खायचा, हा त्यामानाने अगदी थोडा. जळगावच्या मे महिन्यात बंद पॅनेलमधली हवा आठवा, म्हणजे याचं मोल कळेल.

"दहा मेगाहर्ट्झचा टाकला तर मशीन फास्ट पळेल का?" नाही. वेग कार्डावरचा क्रिस्टल, म्हणजे प्रोसेसरला ठेका देणारा सुटा भाग ठरवतो. चिपवरचा आकडा म्हणजे तिला झेपणारी कमाल मर्यादा.

आता खरी अडचण. झायलॉगने २०२४ साली सुट्या झेड-८०च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. आज मिळतो तो शिलकीतला माल, आणि त्यात जुन्या चिपची पाठ घासून नवं नाव छापलेले नगही येतात. म्हणून प्रत्येक नग आधी आमच्या टेस्ट बोर्डावर चढतो. ईडी ७१ ही कागदोपत्री नसलेली आज्ञा दिली की जुनी एनमॉस (म्हणजे मूळ बनावटीची) चिप पोर्टवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वाटेवर, शून्य टाकते, झायलॉगची सीमॉस २५५. 'सी' छापलेल्या चिपने शून्य दाखवलं की ती परत जाते. तुमच्या कार्डाचा प्रोग्राम हीच आज्ञा वापरत असेल तर मात्र आम्ही एनमॉसच शोधतो. असं क्वचितच होतं, पण झालं की मशीन विचित्र वागते आणि कारण सापडता सापडत नाही.

चिप स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून आणू नका. सॉकेट तुटलं की खर्च वाढतो. कार्डावर बॅटरी असेल तर ती काढू नका, सेटिंग पुसली जाईल. कार्ड साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नको, पुठ्ठ्याच्या खोक्यात आणा. काढलेली जुनी चिप बिलासोबत परत मिळते; मागून घ्या.